प्रकरणशीर्षकाचा प्रश्न : दासबोधाची पोथी आणि संगणकावरील प्रबंध

मराठीतील प्रबंधांचे परीक्षण करताना विषयाची निवड, साधनांची विश्वसनीयता, विवेचनाची संगती आणि भाषेची शुद्धता यांचा विचार सामान्यतः केला जातो. प्रकरणाचे शीर्षक हे यांपैकी कोणत्याच सदरात नीट बसत नसल्यामुळे परीक्षकाचे लक्ष त्याकडे गेलेच तर ते शुद्धलेखनापुरते जाते. शीर्षक ठळक टाइपात, पानाच्या मध्यभागी, वर दोन ओळी मोकळ्या सोडून दिलेले असले म्हणजे त्याचे कार्य संपले, अशी समजूत रूढ आहे. प्रबंध टंकलेखनयंत्रावर तयार होत असे तोवर ही समजूत फारशी बाधक नव्हती. कारण कागदावरील शीर्षक वाचकाच्या दृष्टीस पडले की पुरे होत असे. संगणकावरील लेखनात ही स्थिती पालटली आहे. तेथे शीर्षक दिसणे ही एक गोष्ट असून ते शीर्षक असणे ही दुसरी गोष्ट आहे. आणि पहिली साधल्याने दुसरी आपोआप साधत नाही. या भेदाकडे झालेले दुर्लक्ष वरवर तांत्रिक वाटते, परंतु त्याचे मूळ वाङ्मयीन आहे, हे थोड्या विचारांती ध्यानात येईल.

परभणी जिल्ह्यातील उदाहरण घेऊन हा प्रश्न तपासणे सोयीचे आहे. येथे प्रबंधलेखनाच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदतात. एक कृषिविद्येची : १९७२ साली परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले व २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. दुसरी मानव्यविद्यांची : जिल्ह्यातील महाविद्यालये १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असून मराठी विषयातील संशोधन तेथील नियमांनुसार चालते. दोन्हीकडचा प्रबंध आज संगणकावरच आकारास येतो. शीर्षकांविषयीची दोहोंची गरज मात्र एक नाही, आणि एकीची सोय दुसरीवर लादली जाण्यातूनच बराचसा गोंधळ उत्पन्न झाला आहे.

मराठी ग्रंथरचनेला शीर्षकाची शिस्त छापखान्याने शिकविली, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. ते खरे नाही. पोथीत प्रकरणाचे नाव बहुधा प्रारंभी नसून अखेरीस, पुष्पिकेत येते. वाचक अध्याय संपवितो तेव्हा त्याने काय वाचले हे त्यास सांगितले जाते. पुष्पिकेच्या अक्षरांवर किंवा क्रमांकांवर गेरूचा रंग दिलेला पुष्कळ हस्तलिखितांत आढळतो. सुट्या पत्रांची पोथी विसकटली तरी तिचा क्रम लावता यावा म्हणून पत्राच्या कडेला ग्रंथनामाचा संक्षेप व पत्रांक लिहिण्याची चाल होती. आजचा वर्ड प्रोसेसर प्रत्येक पानाच्या माथ्यावर चालू प्रकरणाचे नाव उमटवितो, त्याचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

या दृष्टीने दासबोधाची रचना विशेष अभ्यसनीय आहे. परभणीच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या रामदासांनी या ग्रंथाचे वीस दशक केले व प्रत्येक दशकात दहा समास योजिले. प्रत्येक समासाच्या शेवटी ग्रंथाचे नाव, तो गुरुशिष्यसंवाद असल्याचा निर्देश, समासाचे नाव आणि त्याचा क्रम, एवढे सर्व एका ठराविक वाक्यात येते. दशक आणि समास या दोन पातळ्या कोठेही एकमेकींत मिसळत नाहीत. म्हणूनच दासबोधातील कोणतेही स्थळ केवळ अंकांनी दाखविता येते : १९.१ म्हटले की एकोणिसाव्या दशकातील पहिला समास. आजच्या प्रबंधातील ‘३.२’ ही दशांशपद्धती परदेशातून आली असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

परंतु क्रमांकापेक्षा अधिक मोलाची गोष्ट समासांच्या नावांत आहे. ग्रंथारंभलक्षण, गणेशस्तवन, श्रोतेस्तवन, मूर्खलक्षण, पढतमूर्खलक्षण, लेखनक्रियानिरूपण या नावांचे उत्तरपद प्रत्येक वेळी काही निश्चित सांगते. स्तवन असेल तेथे गौरव आहे, लक्षण असेल तेथे ओळख पटविणारी वर्णने आहेत, निरूपण असेल तेथे विषयाची उकल आहे. नावाचा पूर्वार्ध विषय सांगतो व उत्तरार्ध त्या विषयाचे लेखक काय करणार हे सांगतो. प्रबंधाच्या शीर्षकाकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण नाही. आणि आजची बहुसंख्य शीर्षके यापैकी अर्धेच काम करतात. अठराव्या दशकात नाना विषय एकत्र आले, तर त्यास ‘बहुजिनसी’ असे मोकळेपणाने नाव दिले आहे. ‘संकीर्ण’ किंवा ‘इतर’ या नावांच्या आड लपलेल्या प्रकरणांना इतका प्रामाणिकपणा क्वचितच साधतो.

लेखनक्रियानिरूपण हाच एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास होय. अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, कागदाच्या कडेने सोडावयाची जागा आणि ग्रंथ संपेपर्यंत राखावयाचा एकसारखेपणा यांचा उपदेश त्यात आहे. (कडेच्या त्या मोकळ्या जागेलाही मराठीत समासच म्हणतात, हा योगायोग रंजक आहे.) लेखनिकाने हा एकसारखेपणा हाताच्या सवयीने राखावयाचा असे. संगणकावर तो एका व्याख्येने राखता येतो, आणि वर्ड प्रोसेसरातील ‘स्टाइल’ म्हणजे ही व्याख्याच होय.

जिल्ह्याच्या इतिहासात शीर्षकांची आणखी एक व्यवस्था महत्त्वाची आहे. महाराष्ट्र शासनाने परभणी जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर १९६७ साली प्रसिद्ध केले. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात असल्यामुळे मुंबई इलाख्याच्या जेम्स कॅम्बेल-संपादित जुन्या गॅझेटिअरमालेत त्याचा समावेश नव्हता. महाराष्ट्रात आल्यावर त्या मालेच्या वळणाने ठरलेली प्रकरणांची चौकट त्यास लावण्यात आली : सर्वसाधारण माहिती, इतिहास, लोक, शेती व पाटबंधारे, उद्योग, आणि अखेरीस अक्षरक्रमाने लावलेली स्थळे. या चौकटीचा उपयोग निर्विवाद आहे. परभणीच्या शेतीची तुलना साताऱ्याच्या शेतीशी करू इच्छिणाऱ्यास दोन्ही ग्रंथांत तेच शीर्षक उघडावे लागते. येथे शीर्षक एकसाची असणे हाच त्याचा गुण आहे. मात्र याचे मूल्यही द्यावे लागते. जनाबाईचे गाव म्हणून महाराष्ट्रभर परिचित असलेल्या गंगाखेडची स्वतंत्र नोंद ‘स्थळे’ या सदरात ‘ग’ अक्षराखाली शोधावी लागते. तेथपर्यंत पोहोचण्यासाठी वाचकास गंगाखेड अगोदरच ठाऊक असावे लागते.

कृषिविद्येच्या प्रबंधाची चौकट याच जातीची आहे. प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, साहित्य व पद्धती, निष्पत्ती, चर्चा, सारांश व निष्कर्ष ही शीर्षके ज्वारीच्या वाणावरील प्रबंधास जशी चालतात तशीच कपाशीवरील किडीच्या अभ्यासासही चालतात; आणि ती तशी चालावीत, हेच इष्ट आहे. प्रयोगाची पद्धत ज्यास पडताळावयाची आहे त्याने सरळ तिसरे प्रकरण उघडावे, ही अपेक्षा रास्त आहे. दोष उद्भवतो तो हाच साचा मराठीच्या प्रबंधात आणला म्हणजे. जनाबाईवरील एखादा प्रबंध कल्पावा. त्यातील प्रकरणे बहुधा अशी असतील : संतसाहित्याची पार्श्वभूमी, जनाबाईचे चरित्र, जनाबाईच्या अभंगांचे स्वरूप, जनाबाईची भाषाशैली, उपसंहार. ‘जनाबाई’ हा शब्द काढून तेथे अन्य कोणत्याही संताचे नाव घातले तरी एकही शीर्षक चुकीचे ठरणार नाही. जे शीर्षक कोठेही चुकीचे ठरत नाही ते काही सांगतही नाही. सकलसंतगाथेत जनाबाईच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग छापले आहेत. त्याखेरीज थाळीपाक, हरिश्चंद्राख्यान यांसारख्या आख्यानपर रचनाही तिच्या नावावर सांगितल्या जातात. दळणकांडणाच्या वेळी विठ्ठलाशी बोलणारी जनाबाई आणि पुराणातील आख्यान लावणारी जनाबाई यांचे नाते काय, हा खरा अभ्यासविषय आहे. ‘अभंगांचे स्वरूप’ या शीर्षकाखाली तो गाडला जातो, आणि लेखकाने त्याचे उत्तर शोधले असले तरी अनुक्रमणिका चाळणाऱ्यास त्याची चाहूल लागत नाही.

येथवर नावाचा विचार झाला. आता रूपाकडे वळले पाहिजे. कारण संगणकावर नाव व रूप यांची गाठ अनपेक्षित ठिकाणी पडते.

वर्ड प्रोसेसरातील शीर्षकाची कल्पना समजण्यासाठी तिचा उगम थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. मजकुराचा दर्जा व मजकुराचे दर्शन यांची फारकत करावी, हा विचार १९८० च्या सुमारास प्रबळ झाला. ब्रायन रीड यांनी आपल्या ‘स्क्राइब’ या प्रणालीत लेखकाने ‘हे प्रकरण’, ‘हा विभाग’ एवढेच सांगावे व अक्षराचा आकार यंत्राने ठरवावा, अशी योजना केली. त्या प्रणालीच्या नावाचा अर्थच लेखनिक असा आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘लाटेक’मध्ये हेच तत्त्व रूढ झाले आणि गणितज्ञांच्या प्रबंधांतून ते जगभर पसरले. वर्डमधील ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ अशा नऊ पातळ्या हे त्याच तत्त्वाचे घरगुती रूप होय. लेखकाने परिच्छेदाला पातळी बहाल करावयाची. मग अनुक्रमणिका, पृष्ठांक, पानाच्या माथ्यावरील प्रकरणनाम आणि डाव्या बाजूस उघडणारी प्रकरणांची सूची ही सर्व त्या पातळीवरून यंत्र तयार करते.

प्रत्यक्षात मराठी प्रबंधांत काय घडते? शीर्षक साध्या परिच्छेदातच टंकित केले जाते, मग ते निवडून ठळक केले जाते, आकार सोळा किंवा अठरा केला जातो, मध्यभागी आणले जाते आणि ते नव्या पानावर जावे म्हणून एंटरची कळ दहापंधरा वेळा दाबली जाते. कागदावर परिणाम निर्दोष दिसतो. फाइलमध्ये मात्र ते शीर्षक नसून मोठ्या अक्षरातील एक वाक्य असते. मार्गदर्शकांनी चौथे प्रकरण दुसऱ्या स्थानी आणावयास सांगितले की रिकाम्या ओळींचा डोलारा ढासळतो, हाताने लिहिलेली अनुक्रमणिका खोटी ठरते आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री विद्यार्थी विवेचन तपासावयाचे सोडून पृष्ठांक तपासीत बसतो. प्रबंधाचा जो भाग शेवटच्या क्षणापर्यंत बदलत राहावयास हवा, तो भाग बदलण्याची धास्ती वाटावी, ही हानी केवळ श्रमाची नव्हे. प्रकरणांचा क्रम हा युक्तिवादाचाच क्रम असतो. तो हलविणे जिवावर येऊ लागले की युक्तिवादही आहे तेथेच गोठतो.

या दुर्लक्षाचा सर्व दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. मराठीच्या लेखकाने स्टाइल वापरू पाहिली तरी यंत्र त्यास पावलोपावली अडविते. युनिकोडचा सार्वत्रिक वापर सुरू होण्यापूर्वी श्रीलिपी, आयएसएम आदी प्रणालींच्या फॉन्टांत मराठी मजकूर टंकित होई. या फॉन्टांत फाइलमध्ये साठविली जाणारी चिन्हे रोमन अक्षरांची असत व फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देई. अशा फाइलमध्ये शीर्षकास पातळी दिली, तर सूचीत ते निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळीसारखे दिसते. कारण सूची स्वतःचा फॉन्ट वापरते. पीडीएफच्या बुकमार्कांतही तोच प्रकार होतो. ज्याने हा अनुभव एकदा घेतला त्याने स्टाइलचा नाद सोडला, तर त्यात नवल नाही. आज युनिकोड वापरणाऱ्यांतही ती जुनी भीती गुरुशिष्यपरंपरेने टिकून आहे.

युनिकोडनेही सर्व अडचणी संपत नाहीत. वर्डमध्ये देवनागरीची गणना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’मध्ये होते आणि तिच्यासाठी फॉन्ट, आकार व ठळकपणा यांची नोंद रोमनपासून वेगळी ठेवली जाते. हेडिंगचा आकार रोमनसाठी अठरा केला तरी देवनागरीचा आकार पूर्वीचाच राहू शकतो. लेखकाची समजूत होते की स्टाइल चालत नाही, आणि तो पुन्हा हाताने रंगरंगोटी करू लागतो. फॉन्टच्या चौकटीतील ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या वेगळ्या रकान्यात बदल केला की काम होते. लिबरऑफिसमध्ये ‘सीटीएल’ या नावाने हाच रकाना आढळतो. एवढी एक गोष्ट संशोधनपद्धतीच्या पहिल्या तासाला सांगितली जावी.

याहून खोल अडचण लिपीच्या स्वभावातून येते. इंग्रजीत शीर्षकांच्या पातळ्या वेगळ्या करण्याची साधने पुष्कळ आहेत : मोठी लिपी, लहान लिपी, शब्दारंभी मोठे अक्षर, तिरपा टाइप. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१९ साली निघालेल्या सातव्या आवृत्तीतील नियमावली समाजशास्त्रांच्या विद्यार्थ्यांच्या हाती नेहमी असते. तिच्यात पाच पातळ्या सांगितल्या आहेत. दुसरी पातळी डावीकडे ठळक व तिसरी डावीकडे ठळक-तिरपी. चौथी परिच्छेदारंभी ठळक व पाचवी तेथेच ठळक-तिरपी. म्हणजे दोन ठिकाणी केवळ तिरपेपणावर पातळीचा भेद सोपविलेला आहे. देवनागरीत मोठ्या व लहान लिपीचा भेद नाही. तिरपा टाइप मराठी मुद्रणाच्या परंपरेत कधी रुजला नाही, आणि संगणक तो तयार करतो तेव्हा पुष्कळदा सरळ अक्षरालाच एका बाजूला कलवितो. शिरोरेघेखाली लोंबकळणारी अशी अक्षरे पाहून वाचकास पातळी कळत नाही. अक्षर बिघडले एवढेच कळते. मराठी शीर्षकाजवळ आकार, ठळकपणा, स्थान आणि भोवतालची मोकळी जागा ही चारच साधने आहेत. त्यांच्या बळावर तीन पातळ्या स्पष्ट दाखविता येतात, चौथी ओढाताणीने. पाच पातळ्यांचा नियम मराठी प्रबंधास जसाच्या तसा लावणारा विभाग, विद्यार्थ्याला लिपीत नसलेला भेद दाखविण्याची सक्ती करतो. दासबोधासारखा विस्तृत ग्रंथ दोन पातळ्यांत मावला, याची आठवण येथे अप्रस्तुत होऊ नये.

आता राहिला क्रमांक, आणि प्रश्नाचे मर्म येथेच आहे. मराठीत शीर्षकातील क्रमवाचक विशेषण नामानंतर येते व नामाचे लिंग घेते : भाग पहिला, प्रकरण पहिले. दासबोधातही ‘समास पहिला’ असेच आहे. वर्ड प्रोसेसर क्रमांक आपोआप घालतो, पण तो अंक घालतो, विशेषण नव्हे. वर्डच्या फाइलचे जे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले आहे त्यात क्रमांकनाच्या प्रकारांमध्ये हिंदी स्वर, हिंदी व्यंजने, हिंदी अंक आणि हिंदी शब्दांतील गणना यांची तरतूद आहे. मराठी क्रमवाचकांची नाही. परिणामी ‘प्रकरण तिसरे’ हे लिहिणाऱ्याने स्वतः लिहावे किंवा ‘प्रकरण ३’ स्वीकारावे, एवढेच दोन पर्याय उरतात.

एवढ्यावर भागले असते तर कोणी तक्रार केली नसती. परंतु शीर्षकाचा क्रमांक शीर्षकातच राहत नाही. तो विवेचनात येतो. वर्ड प्रोसेसरात अन्य प्रकरणाचा संदर्भ आपोआप घालण्याची सोय आहे, आणि प्रकरणांची अदलाबदल झाली तर तो संदर्भ अद्ययावत करता येतो. इंग्रजीत ती निर्वेध चालते. कारण तेथे नाम विभक्तीने बदलत नाही. मराठीत ‘प्रकरण तिसरे’ हे वाक्यात येताना ‘तिसऱ्या प्रकरणात’, ‘तिसऱ्या प्रकरणाच्या’ असे होते. यंत्राजवळ सामान्यरूप नाही. ते ‘प्रकरण ३’ एवढेच देते, आणि लेखक त्यापुढे ‘मध्ये’ जोडून मोकळा होतो. ‘प्रकरण ३ मध्ये पाहिल्याप्रमाणे’, ‘प्रकरण ५ चा विचार करता’ ही अलीकडच्या प्रबंधांतील वाक्ये मराठी भाषेच्या स्वाभाविक प्रवृत्तीतून आलेली नाहीत. ती सरकारी परिपत्रकांतील कलमांच्या आणि यंत्राच्या संदर्भांच्या संगतीने आली आहेत. ज्या विभागात विभक्ती व सामान्यरूप यांवर व्याख्याने होतात, त्याच विभागाच्या प्रबंधांत नामाला अंक डकवून त्यापुढे प्रत्यय सुटा ठेवला जावा, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

यावर तोडगा नाही असे नव्हे. मराठीत एखादे नाव अविकृत ठेवून त्यापुढे दर्शक सर्वनाम व सामान्य नाम जोडण्याची रीत पूर्वापार आहे. ‘लेखनक्रियानिरूपण या समासात’ असे म्हणताना समासाच्या नावाला विकार होत नाही. विकार ‘समास’ या शब्दाला होतो. संदर्भाच्या सोयीने क्रमांकाऐवजी शीर्षकाचा मजकूर घेतला व पुढे ‘या प्रकरणात’, ‘या प्रकरणाच्या’ असे लेखकाने लिहिले, तर यंत्राचा अविकारी तुकडा मराठी वाक्यात सहज सामावतो. प्रकरण हलले, त्याचे नाव बदलले, तरी संदर्भ अद्ययावत होतो आणि व्याकरण अबाधित राहते.

परंतु या रीतीला एक अट आहे. वाक्यात उद्धृत करण्याजोगे नाव प्रकरणाला असावे लागते. ‘पार्श्वभूमी या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असून रिकामे आहे. वाचकास ते काहीच स्मरण देत नाही. ‘जात्याजवळचा संवाद या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे’ म्हटले की सांगितलेली गोष्ट पुन्हा समोर उभी राहते. ज्या लेखकाने प्रकरणांना साचेबंद नावे दिली त्यास अंकांचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नसते, आणि अंक घेतला की भाषा बिघडते. मराठी प्रबंधात नावाचा दोष व रूपाचा दोष असे एकमेकांत गुंतले आहेत.

व्यवहारात क्रमवाचक शब्द व शीर्षक यांची विभागणी करणे हितावह ठरते. ‘प्रकरण तिसरे’ ही ओळ लेखकाने स्वतः लिहावी व तिला पातळी नसलेली स्वतंत्र स्टाइल द्यावी. खालच्या ओळीतील नावाला ‘हेडिंग १’ द्यावे. दोन्ही ओळींना ‘हेडिंग १’ दिल्यामुळे अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रकरण दोनदा उमटलेले आढळते, तो दोष यामुळे टळतो. नवे पान हवे असल्यास वरच्या ओळीच्या स्टाइलमध्येच तिच्यापूर्वी पान तोडण्याची सूचना नोंदवावी, म्हणजे एंटरची कळ झिजवावी लागत नाही. आणि ही ओळ नावापासून तुटून मागील पानावर राहू नये म्हणून पुढील परिच्छेदाशी जोडून ठेवण्याचा पर्यायही तेथेच निवडावा. पोटविभागांचे ३.१, ३.२ हे अंक मात्र यंत्रावर सोपवावेत. त्यासाठी पहिल्या पातळीचा क्रमांक मोजला जावा पण छापला जाऊ नये, अशी योजना क्रमांकनाच्या चौकटीत करता येते. पाचसहा प्रकरणांचे क्रमवाचक शब्द प्रकरणे हलल्यावर हाताने दुरुस्त करणे जड नाही. पन्नास पोटविभागांचे अंक दुरुस्त करणे जड आहे. मनुष्याने काय करावे व यंत्राने काय करावे याची सीमा येथे आखणे सोयीचे आहे.

प्रबंध सादर झाल्यावर त्याचे काय होते, हेही पाहणे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारात ते प्रबंध ठेवले जातात. तेथे प्रबंध बहुधा प्रकरणवार तुकडे करून ठेवलेला असतो व त्या तुकड्यांची नावे मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ‘चॅप्टर १’, ‘चॅप्टर २’ अशी असतात. लेखकाने दिलेले प्रकरणाचे नाव या यादीत राहत नाही. जनाबाईच्या आख्यानांविषयी काही मिळते का, हे पाहू इच्छिणाऱ्या गंगाखेडच्या विद्यार्थ्याला एकेक तुकडा उघडून पाहावा लागतो. मराठीचे पुष्कळ प्रबंध तर कागदी प्रतीवरून चित्ररूपात चढविलेले असतात. त्यांत शब्द शोधण्याचीही सोय नसते.

यापेक्षा बिकट स्थिती दृष्टिहीन वाचकाची आहे. पदव्युत्तर वर्गांत असे विद्यार्थी आहेत, आणि ‘एनव्हीडीए’सारख्या विनामूल्य स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ते संगणकावरील मजकूर ऐकतात. डोळस वाचक पाने भराभर उलटून मोठ्या अक्षरावर थांबतो. दृष्टिहीन वाचक एक कळ दाबून पुढील शीर्षकावर जातो. शीर्षकास पातळी दिलेली असेल तरच ती कळ चालते. हाताने ठळक केलेले शीर्षक त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. तीनशे पानांचा प्रबंध त्यास पहिल्या शब्दापासून सलग ऐकावा लागतो. वर्डमधून पीडीएफ करताना शीर्षकांवरून बुकमार्क तयार करण्याचा आणि रचनेच्या खुणा राखण्याचा पर्याय असतो. हे पर्याय निवडावयास क्षणभरच लागतो, पण फाइलमध्ये शीर्षके नसतील तर ते निवडूनही हाती काही लागत नाही. प्रबंध स्वीकारताना विभागाने कागदी प्रतीची बांधणी, मुखपृष्ठाचा रंग व समासाची रुंदी यांची तपासणी करावी, आणि संगणकीय प्रतीत एकही शीर्षक शीर्षक म्हणून नोंदलेले नाही हे मात्र कोणी पाहू नये, असा प्रघात आज आहे. मौखिक परीक्षेपूर्वी परीक्षकाने ती फाइल उघडून प्रकरणांची सूची एकवार डोळ्यांखालून घालावी. तेथे नावे दिसतात की नाही हे त्याला लगेच कळेल, आणि दिसत असल्यास ती वाचण्याजोगी आहेत की नाहीत हेही.